बारा मिनिटं, डाव्या काठाने

आमच्या घरात चार याद्या कायम चिकटवलेल्या असतात. फ्रिजवर किराणा, कपाटाच्या दारामागे प्रवास, विजेच्या मीटरजवळ दुरुस्त्या आणि गेली दोन-तीन वर्षं चपलांच्या रॅकवर बोट. पाहुणे पहिल्या तीन वाचून हसतात आणि चौथीपाशी थबकतात. तळेगावात, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, बोट?

बोट घरात नाही, वडिवळ्याला असते. कामशेतच्या आत, धरणाच्या पाण्याला लागून एका मावशींची भातखाचरं आहेत. त्यांच्या गोठ्याच्या पडवीत आमची फायबरची छोटी बोट उलटी घालून ठेवलेली असते. तीन माणसं बसली की भरते. पवनेच्या बाजूला कुणाचं तरी रिसॉर्ट बंद झालं तेव्हा माझ्या नवऱ्याने ती हौसेने आणली, आणि परवानगीचा कागद, लाइफ जॅकेट, शिट्टी, बादली हे सगळं ओघानेच माझ्याकडे आलं. मी कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. वस्तू आली की तिची यादी होते, हा माझा स्वभाव म्हणा किंवा व्यवसाय म्हणा.

पहिलं वर्ष आम्ही वल्ह्यांवर काढलं. मग माझा मोठा भाऊ निवृत्त झाला.

दादा नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. टूलरूम म्हणजे जिथे बाकीच्या कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं तयार होतात, आणि जिथली माणसं स्वतःला बाकीच्या कारखान्यापेक्षा एक इंच उंच समजतात. निरोपाला घड्याळ नाही, चांदीचं नाणं नाही. त्यांनी दादाला बोटीची मोटार करून दिली. पिण्याचं पाणी आहे, त्यात धूर-तेल नको, म्हणून बॅटरीवर चालणारी. दांडा एकाने घडवला, पंखा दुसऱ्याने, आणि मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तळेगावच्या बाजारात दुकान असलेल्या एका चाचांनी केलं. कारखान्याच्या जळालेल्या मोटारी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जायच्या, त्यामुळे तेही टूलरूमचेच धरले जात. पाणी आत जाऊ नये म्हणून लागणारं सील मात्र दादाने स्वतः बसवलं. शेवटच्या आठवड्यातलं त्याचं शेवटचं काम.

मोटारीला एकच वेग होता. दादा म्हणायचा, "एकच, पण भरवशाचा." पडवीपासून डाव्या काठाने उंबराच्या झाडापर्यंत आठ मिनिटं, ओढ्याच्या तोंडापर्यंत पंधरा. तीन-चार रविवारी मी हे वहीत टिपलं आणि दर वेळी तेच आलं. दादा ती वही बघून इतका खूश व्हायचा की मला उगाच आणखी टिपावंसं वाटायचं.

टूलरूमची सगळी मंडळी एक मेला यायची होती. कारखान्याला सुट्टी, आठ माणसं, मावशींच्या आवारात जेवण, आणि मोटार पाण्यावर चालताना बघायची. दादा नोव्हेंबरपासून त्या दिवसाची तयारी करत होता.

आणि डिसेंबरात ती मोटार आम्ही पाण्यात पाडली.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की मावशींच्या अंगणातून त्यांचाच गोठा दिसत नव्हता. थांबायला हवं होतं. पण दादाला मित्रांना पाठवायला धुक्यातल्या बोटीचा फोटो हवा होता, नवऱ्याला बदकं बघायची होती आणि मला टॅबलेट वापरून बघायचा होता. मुलीच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला. ती हॉस्टेलला गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी त्याला पाण्यापासून वाचवणारं कव्हर घातलं, धरणाचा नकाशा आधीच उतरवून ठेवला, आणि बाकी सगळे फोन गाडीत ठेवायचा नियम केला. नकाशाला इंटरनेट लागलंच तर असावं म्हणून गाडीतल्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवला. नवरा म्हणाला, "अगं, एवढ्याशा पाण्यात हरवायला जागा तरी आहे का?" मी म्हटलं, "ज्याला हरवायचंय त्याला सोसायटीच्या पार्किंगमध्येही जागा मिळते." हा टोमणा कशाबद्दल होता हे त्याला बरोबर कळलं.

यादी वाचली. जॅकेट, शिट्टी, वल्ही, बॅटरी, क्लॅम्प. क्लॅम्प म्हणजे मोटार बोटीच्या मागच्या फळीला धरून ठेवणारा चाप. महत्त्वाची बाब म्हणून त्यासमोर मी दोन सह्यांच्या जागा ठेवल्या होत्या, कारखान्यात ठेवतात तशा. एकाने आवळायचा, दुसऱ्याने तपासायचा. नवऱ्याने सही केली. दादाने सही केली. मी यादी प्लास्टिकच्या पाकिटात घातली. वहीत लिहिलं, निघालो, सात दहा.

दादा मागे मोटारीवर, नवरा मधे, मी पुढे मांडीवर टॅबलेट घेऊन. धुक्यात काठ नजरेआड होऊ द्यायचा नाही, हा यादीतला नियम चौथा. दादा डावा काठ धरून चालला होता. काठ म्हणजे काय, एक करडी रेघ. मोटार गुणगुणत होती. बदकं कुठेतरी बोलत होती, दिसत नव्हती.

मग मागे 'खट्' झालं, आणि 'डुबुक'.

गुणगुण थांबली. दादा मोकळा हात पुढे धरून बसला होता, जणू अजून त्या हातात दांडा आहे. बॅटरीची वायर प्लगमधून निघून आत लोंबत होती.

"गेली," दादा म्हणाला.

मी वेळ घालवला नाही. टॅबलेटवर बोट दाबून धरलं, झेंडा रोवला, 'मोटार' असं नाव दिलं. स्क्रीनवर लाल झेंडा उभा राहिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

"खूण केलीस?" दादाने विचारलं.

"केली."

"मग मिळेल." त्याचा चेहरा जरा सुटला. तेवढ्या गडबडीत बोट भरकटली आणि करडी रेघ दिसेनाशी झाली. नवऱ्याने हाका मारल्या. बऱ्याच वेळाने मावशींचा आवाज आला, "कुटं हायसा रं?" आणि मग त्या घमेल्यावर विळा बडवत राहिल्या. त्या आवाजाच्या दिशेने वल्ही मारत आम्ही परतलो.

पडवीत बसून मी झेंडा मोठा करून पाहिला. तो पाण्याच्या मधोमध होता.

"मधे कसा?" दादा म्हणाला. "मी काठ धरून होतो."

"धुक्यात अंतर फसवतं दादा. उपग्रह फसत नाही."

हे वाक्य माझं. पुढे ते मला बरेच दिवस आठवत राहणार होतं. दादा म्हणजे तीस वर्षं मापं घेण्यात गेलेला माणूस, पण त्याने माझं ऐकलं, कारण झेंडा लाल होता आणि त्याची आठवण करडी.

मावशींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हशीला दावं बांदतो आमी. मोटारीला का न्हाई बांदलं?"

मी यादी पुन्हा वाचली. दोरी यादीत नव्हती.

क्लॅम्पचं कोडं परतीच्या वाटेवर सुटलं. नवऱ्याने सही केली होती, कारण दादा नंतर तपासणारच होता. दादाने सही केली होती, कारण आधी आवळलाय म्हणून तर सही आहे. दोघांनीही क्लॅम्पला हात लावला नव्हता. ज्याने कधी कारखान्यात काम केलंय त्याला यात नवल वाटणार नाही. एकच सही असती तर माणूस घाबरून दोनदा बघतो. दोन असल्या की दोघंही निर्धास्त.

"तुम्ही दोघं धन्य आहात," मी म्हणाले. माझ्या यादीत 'टॅबलेट: लोकेशन' यापुढेही बरोबरची खूण होती, आणि ती मी आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून केली होती. तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नाही.

यानंतर दादाला मित्रांचे फोन यायचे. मी एकदा समोर होते. "पळतीय ना?" पलीकडून कुणीतरी विचारलं. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पळतीय, पळतीय." फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "मे महिन्यातसुद्धा मधलं पाणी आटत नाही. मावशी सांगत होती." मी म्हटलं, "आपल्याकडे झेंडा आहे." दादा म्हणाला, "हो, झेंडा आहे."

जानेवारीत दोन रविवार आम्ही शोधलं. दादाने जाड लोहचुंबक दोरीला बांधून आणलं. मी वहीत चौकोन आखले. एकेका चौकोनात चुंबक सोडायचं, ओढायचं, फुली मारायची. पहिल्या दिवशी वल्ही मारत निघालो, थोड्या वेळात स्क्रीनवर आमचा बाण झेंड्याला जाऊन चिकटला. "बघा, किती अचूक!" मी म्हणाले. चुंबकाला एक विळा मिळाला, दुसऱ्या खेपेला पत्र्याचा डबा. मग पुढच्या चौकोनाकडे सरकलो. बाण झेंड्यापाशीच. आणखी सरकलो. बाण तिथेच.

"आपण वल्ही मारतोय का ताक घुसळतोय?" नवरा धापा टाकत म्हणाला.

"पाण्याला ओढ असेल."

"साचलेल्या पाण्याला?"

मी नकाशा मोठा केला, छोटा केला. बाणाभोवती एक मोठं फिकट निळं वर्तुळ होतं. निळ्या पाण्यावर निळं वर्तुळ, मला वाटलं नकाशावर धरण असंच दाखवत असतील.

दुसऱ्या रविवारी दुपारी हात भरून आले तसे आम्ही परतलो आणि मावशींच्या अंगणात बसलो. मी टॅबलेट खाटेवर टेकवला. मावशी कपबशा घेऊन आल्या, स्क्रीनकडे वाकून बघितलं. "ह्यात आपण कुटं?"

"हा बाण आहे ना मावशी, तो आपण."

"आनी हे निळं?"

"पाणी."

मावशींनी खाटेकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "मंजी आपण पान्यात बसून च्या पितोय?"

नवऱ्याला पहिलं हसू फुटलं. मग मावशींना. दादा हसला नाही. त्याने टॅबलेट उचलला, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, पार गोठ्यामागे गेला, परत आला. बाण हलला नाही. आमच्या टॅबलेटच्या मते दादा धरणाच्या मधोमध पाण्यावर शतपावली घालत होता.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, आपल्या टॅबलेटमध्ये जीपीएस नाहीचे. तू खोकं वाचलं नाहीस? फक्त वायफायवाला आहे तो. आजूबाजूला कुणाचं वायफाय सापडतं त्यावरून अंदाज करतो. तिथे काय असेल, पलीकडे एखादं फार्महाउस आणि अलीकडे तुमच्या गाडीतला फोन. त्यांच्यामधे कुठेतरी तुम्ही, एवढंच त्याला कळतं."

"मग ते वर्तुळ?"

"ते म्हणजे 'इथे कुठेतरी'. जेवढं मोठं वर्तुळ, तेवढं त्याला कमी माहीत."

खोकं माळ्यावर डाव्या कोपऱ्यात होतं, यादीत नोंद होती. त्यावर काय छापलंय हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं. घरी आमच्या वायफायवर बाण बरोबर आमच्या इमारतीवर यायचा, म्हणून मी टेबलावर बसून खूण केली होती. क्लॅम्पच्या दोन सह्यांना हसणारी मी. माझी तर एकच सही होती, तरी मी बघितलं नव्हतं.

दादाला हे सगळं सांगताना माझा आवाज लहान झाला. "तू काठ धरून होतास. मी तुला खोटं पाडलं."

मला वाटलं, तो चिडेल. दादा उभा राहिला. "म्हणजे ती मधे नाहीये?"

"नाही."

"काठाला आहे?"

"तू म्हणतोस तर काठालाच."

"अगं बये, मग रडतेस कशाला! काठाचं पाणी तर आटतं!"

तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं. झेंड्याची जागा खोटी होती, पण तो रोवल्याची वेळ टॅबलेटने लिहून ठेवली होती, आणि घड्याळ त्याचं चोख होतं. सात बावीस. निघालो सात दहाला, ते वहीत होतं. बारा मिनिटं, डाव्या काठाने, एकाच भरवशाच्या वेगाने. उंबर आठ मिनिटांवर, ओढा पंधरा मिनिटांवर. मोटार त्या दोघांच्या मधे, उंबराच्या पुढे अर्ध्याहून थोडं जास्त. मी वहीत रेघ मारून दाखवली. दादाने खिशातून पेन्सिल काढून माझी रेघ सरळ केली.

चुंबकाने तिथे काही लागलं नाही. खाली बुडालेल्या बाभळींची खोडं होती, दोर अडकायचा. मावशी म्हणाल्या, "घाई कशापायी? पानी उतरंल तवा आपसूक दिसंल. मी बगते रोज." आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांनी काठावर दगड मांडायला सुरुवात केली. दर सोमवारी पाणी जिथे असेल तिथे एक दगड. मी त्यांना वही देऊ केली होती. त्या म्हणाल्या, "दगडाला पेन लागत न्हाई."

दरम्यान मी फोनचं कव्हर आणलं. फोनमध्ये जीपीएस खरं होतं. तरी आता मी उपग्रहाचंही डोळे झाकून ऐकणार नव्हते. उंबराखाली उभी राहून खूण केली, लांब गेले, परत खुणेकडे चालत आले, उंबरापासून फरक चारच पावलांचा. बोटीतून केलं, तेच. एकदा डोंगराच्या सोंडेखाली बाण भरकटला, तेव्हा वर्तुळ मोठं झालं होतं. मग कळलं की बाणापेक्षा वर्तुळाकडे बघायचं असतं. त्याने 'मला नक्की माहीत नाही' असं आधीपासून सांगितलेलं असतं. नवरा म्हणाला, "माणसांनापण असं वर्तुळ असतं तर!" आणि माझ्याकडे बघून लगेच बदकांचा विषय काढला.

मार्च गेला. मावशींचे दगड खाली खाली सरकत गेले. दादा दर रविवारी उंबरापुढच्या चिखलात काठी घेऊन फिरायचा आणि संध्याकाळी फोनवर "पळतीय" म्हणायचा. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो मला म्हणाला, "आज नाही मिळाली तर मी सगळ्यांना सांगून टाकतो, येऊ नका."

"आणि मी सांगते, कुणामुळे ते."

"तू कशाला? क्लॅम्पवर सही माझी आहे."

यावर आमचं चिखलात उभं राहून भांडण चालू होतं, चूक कुणाची जास्त यावरून, आणि मी पाय आपटला. पायाला काहीतरी टणक लागलं. बाभळीचं खोड असावं म्हणून मी सरकले. दादा सरकला नाही. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी चिखल बाजूला केला. आधी दांड्याची मूठ दिसली, मग क्लॅम्प, उघड्या जबड्यासारखा. शेवाळ्याने हिरवीगार झालेली मोटार त्याने उचलून छातीशी धरली. शर्टाचं काय झालं ते धुणाऱ्यांनाच माहीत. माझ्या रेघेपासून ती चाळीस पावलांवर होती. मी मोजली.

सुरू करून बघायची त्याची हिंमत झाली नाही. "चार महिने पाण्यात. आत पाणी गेलं असेल तर वाइंडिंग संपलं." म्हणजे सगळं आता त्याच्या सीलवर आलं होतं. शेवटच्या आठवड्यातलं शेवटचं काम.

एक मेला टेम्पोतून आठ माणसं उतरली. मावशींच्या अंगणात खाटेवर गोणपाट अंथरून दादाने मोटार ठेवली होती, शेवाळ्यासकट. त्याने एका दमात सगळं सांगितलं, फोनवरचं 'पळतीय'सुद्धा. मी पुढे होऊन टॅबलेटचं सांगितलं.

मग सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "अजून उघडली नाहीस ना?"

"नाही."

"शाणा आहेस." त्यांनी बाह्या वर केल्या. "पाने कुठेत?"

पुढचा तासभर त्या माणसांनी धरणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. चालणारी मोटार बघायला आलेली मंडळी बंद मोटार मिळाल्यामुळे किती आनंदात होती, ते बघायला हवं होतं. एकाने पंखा काढला, एकाने दांडा पुसला आणि स्वतःच्याच वेल्डिंगला शिव्या घातल्या. नवऱ्याला दात घासायच्या जुन्या ब्रशने शेवाळं घासायला बसवलं. भाकरी तव्यावरून टोपलीत गेल्या आणि गार झाल्या. मावशी म्हणाल्या, "ही मानसं जेवाया आलीत का कामाला?"

शेवटी सीलची पाळी आली. पाना दादाच्या हातात दिला गेला. त्याने तो चाचांकडे दिला. चाचांनी परत त्याच्याकडे दिला. "तुझं काम आहे, तूच बघ."

दादाने कव्हर सोडवलं, मोटार बशीवर तिरकी केली. आम्ही सगळे वाकलो. चमचाभर पाणी आलं. चहाचा चमचा. मग काहीच आलं नाही. चाचांनी आत बोट घातलं, वाइंडिंगवरून फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं. कोरडं.

"चमचाभर आलंच कसं?" वयस्कर गृहस्थ म्हणाले.

"चार महिन्यांत चमचा!" दादा उसळला. "तुमच्या घरच्या नळाला तासाला एवढं गळतं!"

तेव्हा मला माझा नेहमीचा दादा दिसला, डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

मोटार उन्हात वाळत ठेवून ते जेवायला बसले. उन्हं कलल्यावर ती बोटीला लावली. क्लॅम्प दादाने आवळला. मग दुसऱ्याने येऊन आवळून बघितला, मग तिसऱ्याने, मग एकेक करून सगळ्यांनी. यादीवर सह्यांसाठी दोनच जागा होत्या, बाकीच्यांनी समासात केल्या. सगळ्यात शेवटी मावशी म्हशीचं जुनं दावं घेऊन आल्या आणि मोटारीच्या मानेला स्वतः गाठ मारली.

एका खेपेला दोघंच, दादाबरोबर. पहिल्या खेपेला चाचा आणि वयस्कर गृहस्थ. मी काठावर वही घेऊन उभी होते. गुणगुण सुरू झाली, थोडी घोगरी, पण तीच. पाणी एवढं खाली गेलं होतं की काठ नवा होता, उंबर आता पार कोरड्यात. माझी जुनी मापं त्या काठाला लागू नव्हती. मी नवं पान घेतलं, घड्याळात बघून वेळ लिहिली आणि बोट उंबरासमोर येण्याची वाट बघत राहिले.

साडेआठ मिनिटं लागली. दादाला मी आठ सांगितली.